टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा): सीमाभागातल्या मराठी माध्यमवाल्यांनी भाषा कुठली घ्यावी, अभ्यास कशावरून करावा?

मलप्रभाकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम, मग पीयूसी (बारावी) आणि डी.एड्. आता गावाजवळच्या सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे, चौथी-पाचवी माझ्याकडे. येणाऱ्या कर्नाटक टीईटीचा पेपर १ (पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीचा) द्यायचा आहे.

आमच्याकडे क्लास म्हटला की बेळगाव नाहीतर धारवाड. शक्ती योजनेमुळे बसला पैसे लागत नाहीत ते बरं आहे, पण क्लासमधलं शिकवणं सगळं कन्नडात. कन्नड मला बोलता येतं, फलक, पत्रं, पेपर वाचता येतो. पण पियाजे आणि वायगोत्स्की हे मानसशास्त्रज्ञ कन्नडातून ऐकले की नाव लक्षात राहतं आणि मुद्दा निसटतो. कोल्हापूरहून मराठी गाइडं मागवली तर ती सगळी महाराष्ट्राच्या टीईटीची. परिसर अभ्यासात पानंच्या पानं महाराष्ट्रातले जिल्हे आणि किल्ले.

विचारायचं हे की भाषा १ मराठी घ्यावी की कन्नड? भाषा २ कन्नड की इंग्रजी? पुस्तकं कुठली धरावीत? शाळा, घर आणि सुगीची कामं सांभाळून अभ्यास करूलोय, त्यामुळे जे सांगाल ते नेमकं सांगा. आमच्या शाळेतल्या दोघी मैत्रिणीही हा धागा वाचणार आहेत.

---

वडगाव_मास्तर

ताई, भाषा १ मराठी. यात दुसरा विचार करू नका.

टीईटीत १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर १ मध्ये बालविकास व अध्यापनशास्त्र, भाषा १, भाषा २, गणित आणि परिसर अध्ययन, प्रत्येकाला ३० गुण. भाषा १ म्हणजे तुम्ही ज्या माध्यमात शिकवणार त्या भाषेवरची पकड. तुम्ही मराठी शाळेत शिकवता, मराठीत शिकलात. पाचांपैकी एक विभाग घरचा असताना तो सोडून कन्नड घेण्याचं कारण मला दिसत नाही. काही जण 'कन्नड घेतलं तर नोकरीला बरं' असं सांगतात. त्यांना दोन गोष्टी एकच वाटतात: परीक्षेतली भाषा आणि नोकरीत लागणारी भाषा. कन्नड लागतंच, ते भाषा २ मधून दाखवा.

आता आपल्या लोकांकडून नेहमी निसटणारी गोष्ट. कर्नाटकात पात्रतेला सर्वसाधारण आणि २अ, २ब, ३अ, ३ब या मागास प्रवर्गांना ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. ५५ टक्क्यांची सवलत अनुसूचित जाती, जमाती, प्रवर्ग १ आणि दिव्यांगांना. आपल्याकडचा मराठा समाज इथे ३ब मध्ये येतो. महाराष्ट्राच्या गाइडात 'मागासवर्गीयांना ५५ टक्के' वाचून ८३ चं उद्दिष्ट धरणारी पोरं मी बघितली आहेत. तुमचं उद्दिष्ट ९० च्या वरच असायला हवं, आणि काठावर नको. राज्यांनी शिक्षक भरतीत टीईटीच्या गुणांना वजन द्यावं असं राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आधी पास झालेल्यालाही गुण वाढवायला पुन्हा बसता येतं.

हिशोब बघा. मराठीत २५ आणि बालविकासात २१ मिळाले तर ९० ला उरतात ४४, तेही तीन विभागांत मिळून. म्हणून मराठी आणि बालविकास हे दोन विभाग आधी पक्के करा. पुढचं सोपं जातं.

---

निपाणीकर_८८

मास्तरांच्या पहिल्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. भाषा २ बाबत मात्र माझं मत वेगळं आहे. निपाणी-चिक्कोडीकडची आमची पोरं शाळेत कन्नड शिकतात खरी, पण उताऱ्यावरचे प्रश्न आले की अडखळतात. त्यातून कवितेच्या ओळी आल्या तर जुन्या धाटणीचे शब्द येतात, अर्थच लागत नाही. इंग्रजीचे उतारे त्या मानानं सरळ असतात. काळ, शब्दयोगी अव्ययं, समानार्थी शब्द हे ठरलेलं व्याकरण आहे आणि सरावाचं साहित्य हवं तितकं मिळतं. मी स्वतः इंग्रजी घेऊन पास झालो आहे, आमच्या भागातल्या बऱ्याच जणांनी तसंच केलंय. आधी पात्रता हातात घ्या, कन्नड नंतर सुधारत राहा.

---

वडगाव_मास्तर

दादा, तुमचं चुकीचं नाही. पण ताईंना कन्नड पेपर वाचता येतो असं त्यांनीच लिहिलंय, म्हणून त्यांच्यासाठी माझं मत कन्नडच.

मराठी माणसाला कन्नड व्याकरण वाटतं तेवढं परकं नाही. संस्कृत संधी दोन्हीकडे त्याच आहेत, सवर्णदीर्घ, गुण, वृद्धी, यण्. त्या तुम्ही मराठीत शिकलाच आहात. नवीन शिकायच्या त्या कन्नड संधी तीनच: लोप, आगम, आदेश. विभक्ती प्रत्यय, उ, अन्नु, इंद, गे, देसेयिंद, अ, अल्लि, आठवडाभर रोज पाच वाक्यांत घालून लिहिले की हातात बसतात. समासांची नावंही बरीचशी ओळखीची. उरतो उतारा, आणि तो फक्त वाचनानं सुधारतो. रोज कन्नड पेपरातलं एक संपादकीय आणि सहावी-सातवीच्या कन्नड पुस्तकातला एक पाठ, एवढं केलं तरी फरक पडतो.

शिवाय नोकरी लागल्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचं परिपत्रक, सीआरपींची (समूह साधन व्यक्ती) बैठक, प्रशिक्षण, सगळं कन्नडात येणार. २०१५ च्या कायद्यानं या राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं आहे, आपल्या मराठी शाळांतही. आज परीक्षेसाठी घेतलेली मेहनत पुढची सगळी वर्षं कामी येते.

तरी ज्याचं त्यानं ठरवावं, आणि ठरवायचा मार्गही साधा आहे. मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतला भाषा २ चा कन्नड भाग आणि इंग्रजी भाग दोन्ही घड्याळ लावून सोडवा. ज्यात जास्त गुण येतील ती भाषा. शेजाऱ्यानं काय घेतलं ते बघू नका. एवढंच ध्यानात ठेवा की भाषा १ आणि भाषा २ एकच असून चालत नाही, आणि अर्जातला भाषेचा रकाना एकदा भरला की पुढे तोच राहतो असं धरून भरा.

---

टीसीएच_वाले_सर

मी अतिथी नाही, नवोदितही नाही. टीसीएच (शिक्षक प्रशिक्षणाचा जुना अभ्यासक्रम) करून नव्वदच्या दशकात लागलो. बेळगाव तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेवर आहे, निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. आयुष्यभर पोरांना परीक्षेला बसवलं आणि आता या वयात स्वतः बसायचं. नोकरीतल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी लागणार या कोर्टाच्या निकालावर स्टाफरूममध्ये रोज वेगळी बातमी येते. कुणी म्हणतं सगळ्यांना लागू, कुणी म्हणतं जुन्यांना माफ. खरं काय आहे ते कुणी नीट सांगेल का? आणि माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करायची?

---

शहापूरची_टीचर

सर, निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, १ सप्टेंबर २०२५ चा. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दिलेला. शिक्षण हक्क कायदा येण्याआधी लागलेल्या आणि निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी निकालापासून २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायची आहे, नाही झाले तर सेवा सोडावी लागेल, नियमानुसार निवृत्तीचे लाभ मिळतील. ज्यांची ५ वर्षांपेक्षा कमी सेवा उरली ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागते. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू करायचा की नाही, हा प्रश्न खंडपीठानं मोठ्या पीठाकडे पाठवला. आपल्याकडे भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या मराठी संस्था आहेत, तिथल्या शिक्षकांनी आपल्या संस्थेची कागदपत्रं बघून विचारावं. तुमची शाळा सरकारी असेल तर 'पुढे काहीतरी सवलत येईल' यावर बसू नका. तयारी केलेली वाया जात नाही. टीईटीचं प्रमाणपत्र २०२१ पासून आजीवन ग्राह्य आहे, आणि ते २०११ पासूनच्या सगळ्यांना लागू केलंय.

तुम्हाला वाईट वाटतंय ते मी समजू शकते. आमच्या शाळेतल्या दोन ज्येष्ठ टीचरांशी रोज याच विषयावर बोलणं होतं, आणि त्यांचा अभ्यास मीच घेते. त्यातून जे दिसलं ते सविस्तर लिहिते, कारण बालविकासाच्या ३० गुणांत अनुभवी माणूस जिथे अडतो ती जागा नवोदितांपेक्षा वेगळी आहे.

तुमच्याकडे वर्गाचा अनुभव आहे, त्यामुळे प्रश्नातला प्रसंग लगेच डोळ्यांसमोर येतो. पण उत्तर निवडताना तुम्ही तेच निवडता जे खऱ्या वर्गात वेळेअभावी करावं लागतं. एका खोलीत तीन इयत्ता, दुपारचा आहार, नोंदवह्या, त्यात पोर चुकलं तर आपण रीत पुन्हा सांगतो आणि पुढे जातो. परीक्षा विचारते ते वेगळं. ती राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि शिक्षण हक्क कायदा यांच्या चष्म्यातून विचारते: मूल स्वतः ज्ञान रचतं, चूक म्हणजे त्याच्या विचाराची खिडकी, शिक्षक मदतनीस. चारपैकी दोन पर्याय नेहमी 'पुन्हा सांगा' किंवा 'जास्त सराव द्या' या जातीचे असतात. एक शिक्षेचा किंवा लेबल लावणारा. उरतो तो पर्याय ज्यात मुलाला बोलू दिलंय, हाताळू दिलंय, त्याचं म्हणणं ऐकलंय. शंका आली की मुलाच्या बाजूनं उभं राहा, दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच असतं.

एक उदाहरण. दुसरीतलं पोर 'तीनशे दोन' ऐकून ३००२ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही. त्यानं ऐकलेले दोन भाग ऐकलेल्या क्रमानं लिहिले, ३०० आणि २. स्थानिक किंमत अजून पक्की नाही एवढंच यातून कळतं. प्रश्नात 'ही चूक काय दर्शवते' असं येतं आणि अनुभवी माणूस घाईत 'लक्ष नाही' हा पर्याय भरून मोकळा होतो.

पियाजे पाठ करू नका, वर्गात बघा. संवेदी-कारक जन्मापासून २ वर्षं, पूर्वक्रियात्मक २ ते ७, मूर्त क्रियात्मक ७ ते ११, औपचारिक क्रियात्मक त्यापुढे. पेपर १ मधलं बालमानसशास्त्र ६ ते ११ वयोगटाभोवती फिरतं, म्हणजे मधल्या दोन अवस्थांच्या सांध्यावर. घरी भाकरी थापताना लहान पोराला बसवा. गोळा तोच, पण थापून पसरल्यावर ते म्हणतं पीठ वाढलं. त्याला अजून अक्षय्यतेची, म्हणजे आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते याची, जाण आलेली नाही. चौथीतलं पोर हसतं आणि म्हणतं, पीठ तेवढंच आहे की. एवढं एकदा स्वतः बघितलं की अक्षय्यतेवरचा कुठलाही प्रश्न सुटतो.

वायगोत्स्कीचं निकट विकासाचं क्षेत्र म्हणजे पोराला एकट्याला जमत नाही पण कुणाच्या मदतीनं जमतं, तो टप्पा. आपल्या बहुवर्ग शाळेत पाचवीतली मुलगी तिसरीतल्या मुलाला भागाकार सांगते तेव्हा हेच चाललेलं असतं. आधार देत जाणं आणि तो हळूहळू काढून घेणं, दोन्ही त्यातच येतात. नलीकलीचे (कृतीतून शिकण्याच्या सरकारी पद्धतीचे) गट तुम्ही चालवले असतील तर हा भाग तुम्ही जगलाच आहात, फक्त त्याचं पुस्तकी नाव जोडून घ्या.

कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या ३ पातळ्या आणि ६ टप्पे, गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता, थॉर्नडाईकचे अध्ययनाचे नियम, पावलोव्ह आणि स्किनर यांच्यातला फरक, हे एका वहीत पानभर उदाहरणांसह लिहून काढा. यापेक्षा जास्त वेळ त्यांना देऊ नका.

---

टीसीएच_वाले_सर

टीचर, मनापासून आभार. इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चुकीकडे बघायचा मुद्दा वाचून मागच्या प्रश्नपत्रिकेतले तीस प्रश्न पुन्हा सोडवले. कायद्याच्या भागात नेमकं काय विचारतात?

---

शहापूरची_टीचर

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू. राज्यघटनेतलं कलम २१अ, ते ८६ व्या घटनादुरुस्तीनं २००२ मध्ये आलं. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास, तयारीचे धरून. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण प्राथमिकला ३० ला १, उच्च प्राथमिकला ३५ ला १. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी. कलम १२(१)(सी) खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा.

आणि एक कलम मी आपल्या भागातल्या प्रत्येकाला लक्षात ठेवायला सांगते: २९(२)(एफ), शिक्षणाचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावं. त्याला जोडून घटनेतलं कलम ३५०अ, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय. ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. आपण ज्या शाळांत उभे आहोत त्या शाळांचा आधार हाच आहे, म्हणून परीक्षेत विचारलं नाही तरी शिक्षकाला माहीत असावं.

---

कडोली_अक्का

मी बी.ए., बी.एड्. समाजविज्ञान घेऊन पेपर २ (सहावी ते आठवीचा) देणार. माझी भाची म्हणते दोन्ही पेपर भर, एकाच दिवशी असतात, दोन्हीकडे चान्स. भरू का?

---

वडगाव_मास्तर

अक्का, पेपर १ चे पैसे घालू नका. बी.एड्. वाल्यांना पहिली ते पाचवीला पात्र धरणारी २०१८ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ ला रद्द ठरवली. पहिली ते पाचवीला आता डी.एल.एड्., डी.एड्. असा प्राथमिक शिक्षणाचाच अभ्यासक्रम हवा. तुमची सगळी ताकद पेपर २ ला लावा. त्यात बालविकास ३०, भाषा १ आणि २ प्रत्येकी ३०, आणि समाजविज्ञान तब्बल ६०. म्हणजे तुमचा मुख्य विषय दोन विभागांएवढा.

समाजविज्ञानाला आपला जिल्हा फार उपयोगी पडतो. पुस्तक उघडायच्या आधी नकाशा काढा. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. घटप्रभेवर गोकाकचा धबधबा. १८२४ चा कित्तूरचा लढा, राणी चन्नम्मा. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ते नंदगड आपल्याच खानापूर तालुक्यातलं. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव अधिवेशन. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना, १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक. ही ठिकाणं आपण बसमधून रोज ओलांडतो, त्यांना धरून इतिहास-भूगोल लावत गेलात की बाहेरचं पाठ करणंही हलकं होतं.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. पुस्तकांचं अजून राहिलं. आणि महाराष्ट्राची टीईटीसुद्धा द्यावी का? आमच्या गावातले काही जण देतात.

---

निपाणीकर_८८

महाराष्ट्राचं मी सांगतो, कारण मी त्या मार्गानं चाललोय. महाराष्ट्राची टीईटी पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. ती पास झाल्यावर तिथल्या भरतीसाठी वेगळी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते, २०० प्रश्न, २ तास, आणि त्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून निवड. आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिथे अर्ज करता येतो. त्याला त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. दाखल्याची धावपळ जाहिरात आल्यावर करू नका, आधीच काढून ठेवा. आपलं गाव त्या यादीत आहे का, हेही आधी बघा.

केंद्राची सीटीईटी केंद्रीय विद्यालयं आणि नवोदयसाठी उपयोगी. तिथे भाषांमध्ये मराठीही आहे, कन्नडही आहे, पण बाकीचा पेपर हिंदी-इंग्रजीत येतो. तुमचं गणित आणि बालविकास हिंदीत वाचायची तयारी असेल तरच.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला एकच धरा. तुमचं काम इथे आहे, इथली शाळा तुम्हाला ओळखते, कर्नाटकची टीईटी धरा. टीईटी पास म्हणजे नोकरी नव्हे, ती फक्त भरतीत उभं राहायची पात्रता, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. निकालानंतर 'ऑर्डर कधी येणार' विचारून माणसं भंडावून सोडतात आणि पोरींचा धीर खचतो.

---

शहापूरची_टीचर

पुस्तकांचं माझं म्हणणं. गणित आणि परिसर अध्ययनाला गाइड नको. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची मराठी माध्यमाची पहिली ते आठवीची पुस्तकं घ्या, ती तुमच्या शाळेतच आहेत आणि संघाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. पाचवीपर्यंतचं प्रत्येक गणित स्वतः सोडवा, सहावी ते आठवीचं समजून घ्या, कारण प्रश्नाची पातळी वरच्या इयत्तांना टेकते. कोल्हापूरहून मागवलेली गाइडं फेकू नका. त्यातला बालमानसशास्त्राचा आणि मराठी व्याकरणाचा भाग तुमच्या कामाचा आहे, परिसर आणि सामान्यज्ञान वगळा.

एक काम मात्र आजच सुरू करा. बालविकासातल्या संज्ञांची दोन रकान्यांची वही: अध्ययन म्हणजे कलिके, अध्यापन म्हणजे बोधने, मूल्यमापन म्हणजे मौल्यमापन, वाढ म्हणजे बेळवणिगे, प्रेरणा म्हणजे अभिप्रेरणे, अनुवंश म्हणजे अनुवंशीयते, अध्ययन संक्रमण म्हणजे कलिका वर्गावणे. मराठीतून समजून घ्या, पण कन्नड नाव शेजारी लिहा. मग धारवाडच्या क्लासचा व्हिडिओ असो की डायटचं (जिल्हा शिक्षक प्रशिक्षण संस्थेचं) प्रशिक्षण, तुम्हाला तो उपयोगी पडू लागतो. कन्नडातून शिकवलेलं डोक्यात बसत नाही असं तुम्ही म्हणता, त्यातलं बरंचसं अडखळणं या पन्नास-साठ शब्दांपाशी असतं.

मराठीचा विभाग घरचा म्हणून सोडून देऊ नका. उतारा, व्याकरण तर येतंच, पण भाषा कशी शिकवायची यावरचे प्रश्नही त्यात येतात. श्रवण, भाषण, वाचन, लेखन, निदान आणि उपचारात्मक अध्यापन, बहुभाषिक वर्ग. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोकणी, असे वर्ग आपल्याइतके कुणाकडे आहेत? 'मुलाची घरची भाषा वर्गात आली तर शिक्षकानं काय करावं' याचं उत्तर तुम्ही रोज देता. तिथे पूर्ण गुण मिळायलाच हवेत.

---

वडगाव_मास्तर

वेळेबद्दल थोडं. सुगीत रोज चार तास कुणालाच जमत नाहीत. पहाटे एक तास नवीन वाचा, शाळेतल्या मोकळ्या तासाला मागच्या पेपरातले दहा प्रश्न. रविवारी अडीच तास सलग बसून पूर्ण पेपर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. परीक्षेत १५० मिनिटांत १५० प्रश्न आणि गोल भरायचे तेही त्याच वेळेत. छापलेल्या उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा सराव घरी करा, विशेषतः सरांनी. लिहायची सवय असलेल्या हाताला गोल भरायला वेळ लागतो आणि क्रमांक चुकला की पुढचे सगळे सरकतात. गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवू नका. गणित शेवटी सोडवा, मराठी आणि बालविकास आधी.

सोडवलेल्या पेपरचे गुण मोजून थांबू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: माहीत नव्हतं, की वाचण्यात घाई झाली, की दोन पर्यायांत फसलो. तिसऱ्या प्रकारचे प्रश्न या धाग्यावर टाका.

---

कडोली_अक्का

हे चांगलं सुचवलंत मास्तर. रोज एक प्रश्न टाकायचा का इथेच? ज्यानं टाकला त्यानं उत्तर लगेच सांगायचं नाही, आणि उत्तर देणाऱ्यानं कारण लिहायचं.

---

मलप्रभाकाठ

भाषा १ मराठी, भाषा २ कन्नड. ठरलं. काल दोन्हीचे जुने भाग सोडवून बघितले, कन्नडात जास्त आले.

पहिला प्रश्न मी टाकते, माझ्याच वर्गातला आहे. पाचवीतली मुलगी १/२ + १/३ = २/५ असं लिहिते. शिक्षिकेनं आधी काय करावं?
(१) लसावि काढायची रीत फळ्यावर पुन्हा सोडवून दाखवावी
(२) अशीच वीस गणितं घरी सोडवायला द्यावीत
(३) तिनं हे कसं काढलं ते तिला सांगू द्यावं आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन उत्तर ताडून बघू द्यावं
(४) तिला गणितात हुशार असलेल्या मुलीशेजारी बसवावं

---

टीसीएच_वाले_सर

पर्याय ३. तिनं वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. पूर्ण संख्यांची बेरीज जशी करते तशीच इथे केली, म्हणजे तिच्या मनात एक नियम आहे आणि तो आधी ऐकायला हवा. पट्ट्या ठेवल्या की तिलाच दिसेल की २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे. मिळवल्यावर उत्तर लहान कसं झालं, हा प्रश्न तिनं स्वतः विचारला की समच्छेद शिकवायची वेळ आली. पर्याय १ नंतर येतो, आधी नाही.

---

शहापूरची_टीचर

बरोबर सर, कारणासकट. उद्याचा प्रश्न अक्का टाकतील, समाजविज्ञानातला. परवा निपाणीकर दादा, इंग्रजी उताऱ्यावरचा, म्हणजे भाषा २ इंग्रजी घेणाऱ्यांनाही सराव होईल.